पान १ पैकी ३

६ ऑक्टोबर, सोमवार

मान सकाळपासून दुखतेय, आणि बैठकीत मॅडमनी माझं नाव घेतल्यापासून जास्तच.

राजनंदिनी मॅडम म्हणजे आमच्या संस्थेच्या सर्वेसर्वा. जिल्ह्यातल्या बेचाळीस गावांत आम्ही हंगामी वसतिगृहं चालवतो. आईबाप सहा महिने ऊसतोडीला कारखान्याच्या थळावर, आणि लेकरं गावातच वसतिगृहात राहून शाळेत. सगळा कारभार बीडच्या या ऑफिसातून. मी इथला प्रोग्रॅमर. गावागावाची मुलांची यादी छापायचा प्रोग्रॅम चौदा वर्षांपूर्वी मीच लिहिला. यादीत नाव असलं तर मूल वसतिगृहात, नसलं तर आईबापामागं उसाच्या फडात. एवढा साधा हिशोब.

मागच्या वर्षी बोरटेकवाडीच्या यादीचं शेवटचं पान गळालं. झेरॉक्सवाल्याकडं राहिलं की पाकिटातून पडलं, देव जाणे. पानांवर नुसतं पान १, पान २ छापलेलं. दोन पानं पोचली, दोन्हींवर नंबर होते, कुणाला कशाला शंका येईल? बारा लेकरांना 'यादीत नाव नाही' म्हणून परत लावलं.

"बद्री सर, प्रत्येक पानावर एकूण पानं किती ते आलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "यंदा एक पान गळालेलं मला चालणार नाही."

मी हो म्हणून बसलो. बाहेर येतो तर चंद्रभागाबाई चहा घेऊन उभ्या. आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या त्याच, मी रुजू झालो तेव्हापासून चहा-पाणी-झाडू बघतात. त्या बारा लेकरांत त्यांच्या लेकीची पोरगी होती, आरोही हंगे. याद्या आडनावावर लागायच्या, आणि ह शेवटी.

"सर, औंदा तरी आमच्या आरूचं नाव नीट जाईल ना?"

"जाईल, मावशी."

"नववीत हाय आता. औंदाबी फडात गेली तर बाप शाळा बंद करनार. पाव्हणे बघायलाबी सुरवात केलीया त्यानं."

मी म्हणालो, तुमच्याकडे बीडलाच ठेवा की. मग त्यांनी सांगितलं, एका खोलीत मुलगा, सून, तीन नातवंडं आणि त्या स्वतः. मागच्या साली विचारून बघितलं तर सून चार दिवस बोलली नाही. मी चहा घेतला आणि पुढं काही विचारलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

वाटलं होतं तासाभराचं काम आहे. घोडं अडलं ते असं, की यंत्र पहिलं पान छापतं तेव्हा पुढं किती पानं येणार हे त्याला ठाऊकच नसतं. ओळ आली की छाप, पान भरलं की दुसरं घे, एवढंच त्याला कळतं. एकूण किती झाली ते शेवटचं पान निघाल्यावर समजतं, आणि तोवर पहिलं पान छापून ट्रेमध्ये पडलेलं असतं.

मग साधा भागाकार केला. एका पानावर पंचवीस मुलं, गावात पन्नास मुलं, म्हणजे दोन पानं. चाललं. चार वाजता घरी गेलो. बायकोला, वनमालाला, सांगितलं काम झालं. ती म्हणाली, तुमचं काम झालं म्हणता तेव्हा मला धास्ती वाटते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

खरं होतं तिचं. पन्नास मुलांच्या त्या गावाची तीन पानं निघाली, आणि प्रत्येकावर एकूण दोन छापलेलं. कारण नावं. आपल्याकडं मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, वस्तीचं नाव, शाळेचं नाव. एखादी ज्ञानेश्वरी आली की ओळ फुटते आणि एका मुलाच्या दोन ओळी होतात. पानावर कुठं चोवीस मुलं मावतात, कुठं बावीस.

अफसाना म्हणाली, सर, अक्षर बारीक करा. अफसाना माझ्या शेजारी बसते. मुलांची माहिती भरणं आणि याद्या छापणं तिच्याकडे. हुशार आहे, पण मला सल्ला दिलेला आवडत नाही. बारीक करून पाहिलं. गावच्या माणसाला वाचता येणार नाही इतकं बारीक झालं, तेव्हा परत मोठं केलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

ऑफिसला आज सुट्टी दिली होती, तरी आलो. दिवसभर एकटाच. वीज दोनदा गेली.

एक तोडगा सुचला. यादी दोनदा फिरवायची. पहिल्यांदा छापायचीच नाही, नुसतं छापल्याचं सोंग करायचं. ओळी फुटू द्यायच्या, पानं उलटू द्यायची, कागद मात्र एकही खर्च करायचा नाही. शेवटी पानं किती झाली ते लिहून ठेवायचं. मग दुसऱ्यांदा खरं छापायचं, तेव्हा एकूण आकडा आधीच हातात.

इतकं सोपं होतं, आणि मला सुचायला पाच दिवस लागले. पंचेचाळिसाव्या वर्षी डोकं असं चालतं. पूर्वी हे आंघोळ करता करता सुचलं असतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पहिली गंमत. सोंग झाल्यावर पानाचा नंबर परत एकवर आणायला विसरलो. त्यामुळं खरी छपाई चौथ्या पानापासून सुरू झाली. तीन पानांची यादी, पानं चार, पाच आणि सहा.

दुसरी गंमत. एकूण आकडा १३१ आला. ती बेचाळीस गावांची मिळून पानं. बोरटेकवाडीच्या माणसाला १३१ चं काय करायचंय? प्रत्येक गावाचा आकडा वेगळा साठवावा लागला. ते करता करता सहा वाजले. मान आता उजवीकडं वळतच नाही.

अफसानानं डब्यातला खिमा पुढं केला, हजराबीनं केलाय म्हणाली, तिची सासू. मी सोमवार धरतो. तिनं डबा झाकला आणि दोन केळी दिली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

झालं एकदाचं. प्रत्येक पानाच्या तळाशी, मधोमध, ठळक अक्षरात. बोरटेकवाडीच्या यादीवर

पान १ पैकी ३
पान २ पैकी ३
पान ३ पैकी ३

असं सुरेख आलं. इंग्रजी याद्यांवर असतं तसंच, फक्त शब्द आपले. ती ओळ जुन्या इंग्रजी प्रोग्रॅममधून तशीच उचलली आणि मधला शब्द तेवढा बदलला. नसती झटापट कोण करत बसणार.

अफसानानं कागद हातात घेऊन वाचलं, पान एक पैकी तीन. परत वाचलं. म्हणाली, "सर, वाचताना जरा अडखळल्यासारखं होतंय."

"ते वाचायचं नाही, बघायचं असतं," मी म्हणालो. खरं तर खेकसलोच.

चंद्रभागाबाई फरशी पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "येकातनं तीन कसं निघतील बाई?" आणि आपल्याच बोलण्यावर हसल्या. म्हटलं, मावशी, चहा टाका.

आणखी एक केलं. मॅडमना विचारून यादी आडनावाऐवजी मुलांच्या नावावर लावली. कारण त्यांना काहीतरी वेगळं सांगितलं. खरं कारण म्हणजे रोज सकाळी 'आरूचं नाव' ऐकून मी विटलो होतो, आणि गळालंच तर शेवटचं पान गळतं. आता ती पहिल्या पानावर, तिसऱ्या ओळीवर आहे. चंद्रभागाबाईंना बोट ठेवून दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, पण त्या ओळीवर त्यांनी पदरानं पुसल्यासारखं केलं. मला उगीच बरं वाटलं.

अनुक्रमांक मात्र प्रत्येक पानावर परत एकपासून सुरू होतो, ती जुनी खोड तशीच आहे. बदलू का विचारलं तर मॅडम म्हणाल्या राहू द्या, पानावर किती मुलं ते लगेच कळतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

परिपत्रक लिहिलं. अधीक्षकांना कळायला नको का तळाशी काय आणि कशासाठी? वसतिगृहाच्या सगळ्या अधीक्षकांना उद्देशून चार ओळी. शेवटची ओळ माझी स्वतःची, मॅडमना फार आवडली: 'ज्या पानावरील आकडे जुळत नसतील ते पान बाद समजावे व त्या पानावरील मुलांस प्रवेश देऊ नये.' मागं एका गावात कुणीतरी जुन्या यादीतलं पान घुसडलं होतं, ते डोक्यात होतं.

अशी खणखणीत ओळ खूप दिवसांनी लिहिली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

बेचाळीस पाकिटं रवाना. धनत्रयोदशी. झोपतो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. काही विशेष नाही. डॉक्टर म्हणाले मानेला पट्टा लावा. पट्टा लावून करंजी खाता येत नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

डोकं उठलं आज. अकरा गावांचे फोन. कुणाला शिक्का दिसत नाही, कुणाला पाकीटच मिळालेलं नाही आणि मागाहून मिळतं. दुपारी बोरटेकवाडीच्या नव्या अधीक्षकाचा फोन. परमेश्वर नाव, तलवाड्याचा, याच महिन्यात रुजू झालाय. आवाजावरून भिडस्त वाटला. म्हणाला, "सर, पानाच्या आकड्याचं जुळंना झालंय."

म्हटलं, "परिपत्रक वाचलं का?"

"वाचलं, सर. म्हणूनच इचारलं."

"मग त्यात काय लिहिलंय? जुळत नसेल ते पान बाद."

"पन सर, दोन पानं..."

"दोन असोत नाहीतर दहा. नियम म्हणजे नियम. मागच्या वर्षी तुमच्याच गावानं घोळ घातलाय."

"बरं, सर," म्हणाला आणि ठेवला. एवढं स्वच्छ लिहूनही लोक विचारतात. आपल्याकडं कागद वाचायची सवयच नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

वसतिगृहं सुरू झाली. ऊसतोडीच्या टोळ्याही गेल्या. मुकादमांचे ट्रॅक्टर परवापासूनच हलत होते, आज शिरूर कासारचा रस्ता रिकामा झाला म्हणतात.

चंद्रभागाबाईंनी पेढा दिला. लेकीचा फोन लागत नाही म्हणाल्या, सत्यभामाचा, तिकडं रेंज नसते. "आरू हाय नव्हं वसतिगृहात, मंग मला घोर न्हाई." वसतिगृहात मुलांना फोन नसतो. म्हटलं, असेल मजेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आठवड्याची हजेरी आली. अफसाना भरत होती, मध्येच थांबली. "सर, बोरटेकवाडीत ५८ पैकी ११च."

म्हटलं, टायपिंगची चूक असेल. फोन केला. चूक नव्हती. ५८ पैकी ११ मुलं हजर आणि ४७ आलीच नाहीत. परमेश्वर म्हणाला, "यादीतली सगळी अकरा हजर हायेत, सर." कुठली अकरा, असं मी ओरडलो. आणि फोन ठेवला.

मॅडम म्हणाल्या, त्या माणसाला आजच काढून टाकायचं पत्र तयार करा. मीच म्हणालो, आधी जाऊन बघतो. का म्हणालो कोण जाणे. एसटीनं जायचं म्हणजे मानेची वाट.

चंद्रभागाबाईंना काही सांगितलं नाही. अफसानालाही नको म्हणालो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बोरटेकवाडीला जाऊन आलो. आता लिहितोय ते नीट लिहायचंय, कारण उद्या मलाच ते वेगळं वाटायला लागेल.

परमेश्वर तिशीचा, उंच, शर्टाचं वरचं बटण लावलेला. वसतिगृह चकाचक. त्यानं फाईल काढली. तीन पानं होती, तीनही. एकही गळालेलं नव्हतं. पहिल्या दोन पानांवर लाल शाईची तिरकी रेघ, 'बाद' असा शब्द, खाली सही आणि तारीख. त्यांना माझं परिपत्रक टाचलेलं, शेवटच्या ओळीखाली पट्टीनं मारलेली रेघ.

मी विचारलं, ही पानं का बाद केली?

"सर, तुमीच बघा की." त्यानं पहिल्या पानाच्या तळाशी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. "पान, एक पैकी तीन. मंजी एकूण पान एकच, आन हे तिसरं. कसं शक्य हाय? हे दुसरं बघा. दोन पैकी तीन. एकूण पानं दोन, आन हे तिसरं. हेबी जुळना. आन हे बघा, तीन पैकी तीन. एकूण तीन, त्यातलं हे तिसरं. हे जुळतंय. तिन्हीबी तिसरीच पानं, त्यातलं एकच बरोबर. नावं तिन्हीवर येगळी हायेत ते दिसत हुतं, म्हणूनच तर फोन लावला."

मी कागदाकडं बघत राहिलो. शाळेत आपण काय म्हणतो? शंभर पैकी साठ. शंभर आधी, साठ नंतर. एकूण आधी सांगायचं, मग त्यातलं आपलं. चवथीच्या पोराला कळतं. मी इंग्रजीची ओळ उचलली, मधला शब्द मराठी टाकला, आणि आकडे होते तिथंच ठेवले. पाकिटं जाईपर्यंत चार दिवस ती ओळ बघत होतो. दोनदा फिरवलं, सोंग केलं, गावागावाचा आकडा वेगळा काढला, सगळं बरोबर केलं, आणि वाक्य उलटं लिहिलं. एकूण मुलं ५८ असं कुठं कोपऱ्यात छापलं असतं तरी भागलं असतं.

"नाव लावायला पोरं आधीच दारात आलती, सर," परमेश्वर सांगत होता. "आईबाप भांडले. एक बाई पाया पडली. मी म्हणलं माझ्या हातात न्हाई, थांबा, ऑफिसात फोन लावतो. मंग तुमी म्हणलात, दोन असोत नाहीतर दहा."

मी म्हणालो, हो, मी म्हणालो होतो.

"मी चुकलो का, सर?"

नाही म्हणालो. तो फाईल पुन्हा बांधायला लागला. बाकीच्या एक्केचाळीस गावांत काही झालं नाही, कारण तिथं तळाकडं कुणी पाहिलंच नाही. सगळ्या जिल्ह्यात एकाच माणसानं माझं परिपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि पाळलं.

तिथली अकरा मुलं जेवत होती. सुरज, सोनाली, हर्षद अशी नावं सांगितली. आडनावं मात्र अ पासून व पर्यंत सगळी. मी प्रत्येकाला इयत्ता विचारली आणि निघालो.

८ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "बद्री सर, हे कागदावर कुठं आणू नका. तांत्रिक अडचण म्हणू." म्हटलं, आणि परमेश्वर? त्याचं बघू म्हणाल्या. मी म्हणालो, त्याला काढलंत तर मी आधी जातो. आयुष्यात पहिल्यांदा असं कुणाला म्हणालो असेन. त्याही चमकल्या. परमेश्वरला काढायचं पत्र त्यांनी फाडलं. मग दोन जीप द्यायलाही कबूल झाल्या, सोमवारी जाऊन जेवढी मुलं मिळतील तेवढी आणायची.

प्रोग्रॅम दुरुस्त केला. 'एकूण ३ पानांपैकी पान १'. एका मिनिटाचं काम. अफसानानं वाचलं आणि काही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं असं मला वाटलं. मग आठवलं, ती बोलली होती.

चंद्रभागाबाईंना सांगायला गेलो. त्या कप विसळत होत्या. एवढंच म्हणालो, की यादीत गडबड झाली, आरोही आईबापासोबत गेलीये, मी आणायला चाललोय. त्यांनी नळ बंद केला. म्हणाल्या, "पहिल्या पानावर हाय म्हणला होतात तुमी."

"होती, मावशी."

"मंग?"

मी म्हणालो, आणतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल परत आलो. दिवसभर झोपलो. आता लिहितो.

सोमवारी पहाटे निघालो. एका जीपमध्ये मी आणि परमेश्वर, दुसरीत संस्थेचे दोघं. परमेश्वर न सांगता आला होता, स्वतःची रजा टाकून. बोरटेकवाडीची माणसं चार कारखान्यांवर विखुरलेली. थळ म्हणजे गावाबाहेरच्या माळावर उसाच्या पाचटाच्या कोपी, म्हणजे झोपड्या, एका रांगेत. मुलं सापडत गेली. कुणी बाळ सांभाळत होतं, कुणी उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधत होतं. काही आईबापांनी लगेच पिशवी भरून दिली, काहींनी शिव्या घातल्या आणि मग पिशवी भरून दिली. ४७ पैकी २९ मिळाली. बाकीची कुठं पाठवली, कुठल्या टोळीत गेली, कळलं नाही. काही आईबापांनी सगळं कळूनही सोडलं नाही.

आरोही दुसऱ्या दिवशी सापडली, शेवटच्या फडात. बापाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट अंगात, डोक्यावर उसाची मोळी, ट्रॉलीकडं चाललेली. आई सत्यभामा मोळ्या बांधत होती. बाप हरिओम तोडत होता. पस्तिशीचा असेल, दिसायला माझ्याहून थकलेला. त्यानं कोयता खाली ठेवून माझं सगळं ऐकून घेतलं.

"सायेब, मागल्या साली तुमी न्हाई म्हणलात. औंदाबी न्हाई म्हणलात. दारातनं परत आनली पोरगी, सगळ्या गावाम्होरं. आता येवढ्या लांब येऊन हाय म्हणताव. उंद्याला परत न्हाई म्हणलात तर मी हितनं काय करू?"

म्हटलं, नाही म्हणणार.

"तवाबी तुमच्यासारखंच कुनीतरी म्हणलं आसंल. लिहून द्या."

लिहून देतो म्हणालो. बरंच वाटलं, लिहायचं तर मला येतं. परमेश्वरनं वहीचं पान फाडून दिलं. जीपच्या बॉनेटवर ठेवून लिहिलं: आरोही हरिओम हंगे, इयत्ता नववी, हिचे नाव यादीत पहिल्या पानावर आहे. ते पान बाद ठरले ते माझ्या चुकीमुळे. यात मुलीचा, पालकांचा वा अधीक्षकांचा काही दोष नाही. या मुलीस वसतिगृहातून कोणीही परत पाठवू नये. खाली सही, पूर्ण नाव, फोन नंबर. माझं अक्षर आधीच वाईट, त्यात पट्ट्यामुळं मान वाकत नव्हती.

हरिओमनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "आरू, हिकडं ये. वाच काय लिव्हलंय सायेबानं."

तिनं मोळी उतरवली, हात शर्टाला पुसले आणि कागद घेतला. मला वाटलं लाजेल. तिनं खणखणीत वाचलं. माझं ते कोंबडीच्या पायाचं अक्षर, वसतिगृह काय, अधीक्षक काय, स्वल्पविरामाला थांबून, पूर्णविरामाला आवाज खाली आणून. शेजारच्या सरीतली माणसं तोडायची थांबून ऐकायला लागली. माझी चूक असल्याची ओळ तिनं वाचली तेव्हा माझ्याकडं बघितलं, आणि पुढं वाचत गेली. फोन नंबरसुद्धा वाचला.

हरिओम मान डोलावत होता. सत्यभामाचे डोळे भरून आले होते.

"वाचती की पोरगी," तो म्हणाला. "सायेबाचं अक्षरबी वाचती. मंग आजून काय शिकायचं ऱ्हायलं?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. लेकीचं कौतुक होतं, खरंखुरं. आणि त्या कौतुकातच सगळं संपलं. मी दहावीचं बोललो, नर्सिंगचं बोललो, अठराच्या आत लग्न लावलं तर गुन्हा आहे तेही बोललो. परमेश्वर हात जोडून बोलला. हरिओम ऐकत होता आणि मान डोलावत होता. मग त्यानं कोयता उचलला. "एक कोयता कमी हाय टोळीत, सायेब. मुकादमाला काय सांगू मी?"

आरोहीनं कागदाची घडी घातली. बापाकडं देऊ की माझ्याकडं, असं दोघांकडं बघितलं. मग शर्टाच्या खिशात ठेवली. मला म्हणाली, "आज्जीला सांगा, मी बरी हाय." आणि मोळी उचलायला वाकली. परमेश्वर पुढं झाला, मोळी डोक्यावर द्यायला. दुसरं काय करावं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

येताना जीपमध्ये बाकीची पोरं भांडत होती, खिडकीसाठी. परमेश्वर सगळ्यांची नावं एका कागदावर लिहीत होता. मी मान धरून बसलो होतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी ऑफिसात गेलो. चंद्रभागाबाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या मागं बघितलं, कुणी आहे का. मग त्यांना कळलं.

आत बसवून सगळं सांगितलं. या वेळी काही लपवलं नाही. चूक माझी, ओळ मी उलटी लिहिली, फोन मी घेतला होता. तुम्ही त्या दिवशी हसला होता तेव्हाच कळायला हवं होतं, हेही सांगितलं. अफसाना पाठमोरी बसून ऐकत होती. चंद्रभागाबाई खाली बघून हातातल्या फडक्याची घडी घालत होत्या. रडल्या नाहीत. वाटलं, शिवी देतील तर बरं.

चिठ्ठीचं सांगितलं, हरिओम काय म्हणाला ते सांगितलं. त्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"समद्यांम्होरं वाचलं तिनं?"

"हो. सगळी टोळी ऐकत होती."

"आन अडखळली का कुठं?"

नाही म्हणालो. एकदाही नाही.